दगडावरच्या शेवटच्या चार ओळी

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, माणसे खोटे बोलताना कशी घाम पुसतात तेही पाहिले. तरी कुणी "एखादी केस सांगा" म्हणाले की मला आधी एक जुना शहाबादी दगड दिसतो. त्या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. यात मी कुणाचे नाव देत नाही. दगडावरची दोन नावेही बदलली आहेत, बाकी मजकूर होता तसाच आहे.

तेव्हा मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये टपाल बघत होतो आणि बाहेरून ठाणे अंमलदाराचा आवाज ऐकू आला.

"आजी, दगड कुणी चोरतं का?"

"ते शोधायची सोय इथं आहे, असं बाहेरच्या पाटीवरून वाटलं," बाईंचा आवाज आला. "चुकलं असेल तर सांगा, दुसरीकडे जाते."

मी उठून बाहेर गेलो. सत्तरीच्या बाई होत्या. पांढरी सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. पाठ ताठ. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. पुढे आमचे सगळे ठाणे त्यांना 'सिस्टर'च म्हणू लागले, म्हणून मीही इथे तसेच म्हणतो.

त्यांना आत बसवले. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. सिस्टर शहरातल्या एका मुलींच्या आश्रमात वाढल्या. तिथे त्यांना आणले तेव्हा त्या जेमतेम महिन्याच्या होत्या. आश्रमाच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे एवढेच होते : 'आईचे नाव सगुणा. ख्रिस्ती. पुण्यास मयत.', आणि मृत्यूचे साल. वडिलांचा रकाना कोरा. नोकरीत असताना शोधाशोध करायला वेळ मिळाला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतले. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जायचे आणि ओळीने एकेक थडगे वाचायचे.

"किती वर्षं?" मी विचारले.

"अकरावं चालू आहे."

त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक पानावर एका दगडाचा मजकूर, अक्षर न् अक्षर उतरवलेला. जिथे अक्षर लागले नाही तिथे टिंबे. आणि बहुतेक पानांच्या खाली एकच शब्द : 'नव्हे'.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या हद्दीतल्या एका दफनभूमीत, कुंपणाच्या कडेला, त्यांना एक दगड सापडला. अर्धा मातीत गेलेला, वर घाणेरीचे झुडूप. ते पान त्यांनी मला दाखवले.

'सगुणाबाई / भ्र. यशवंत / प्रभूमध्ये निजली / वय २४ वर्षे', आणि साल.

"हे 'भ्र.' म्हणजे आडनाव का?" माझ्या शेजारच्या हवालदाराने विचारले.

"भ्रतार. नवरा," सिस्टर म्हणाल्या. "जुन्या कागदांत असायचं. आणि सालाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी ते चुकीचं वाचलं होतं. पावसानं नवाची शेपटी झिजते आणि त्याचा एक दिसायला लागतो. दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप पडली तेव्हा कळलं. साहेब, रजिस्टरातलं साल आणि हे साल एकच आहे."

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती : 'आणि ति......'

"याच्या खालचं मातीत होतं," त्या म्हणाल्या. "उकरायचं तर दफनभूमीच्या समितीची परवानगी लागते. अर्ज केला, परवानगी मिळायला सहा आठवडे गेले. काल कागद घेऊन गेले, तर दगडच नाही."

एवढे बोलून त्यांनी वही मिटली. रडल्या नाहीत. हात मात्र वहीवरून काढला नाही.

खरे सांगायचे तर मला त्या वेळी हे प्रकरण नकोसे होते. गणपतीच्या बंदोबस्ताच्या बैठका सुरू होत्या आणि माणसे कमी होती. पण अकरा वर्षे वाचून जिच्या हाती अर्धी ओळ लागली, तिला अर्ज ठेवून जा म्हणणे माझ्याने झाले नाही. मी फिर्याद घ्यायला सांगितली.

दुपारी पंचनाम्याला मी स्वतः गेलो. राखणदार म्हणाला, आपण काही पाहिले नाही, जेवायला गेलो असेन. फाटकावर समितीची नोटीस होती. जुन्या थडग्यांच्या नातेवाइकांनी येऊन नोंद करावी, नाही तर ती जागा नव्या दफनासाठी वापरली जाईल. मी तो कोपरा नीट पाहिला. आजूबाजूला संगमरवराचे चांगले दगड होते, एकाला पितळी अक्षरे होती. चोराने त्यांना हात लावला नव्हता आणि झिजलेला शहाबादी दगड तेवढा नेला होता. दुसरी गोष्ट, दगड काढल्यावर खड्डा पुन्हा भरला होता. माती दाबून वर सदाफुलीचे रोप लावले होते.

चोर खड्डा भरत नाहीत. रोप तर नाहीच लावत. दगड नेणाऱ्याला तो विकायचा नव्हता, तोच दगड हवा होता, एवढे मी तिथेच ओळखले. पण का हवा होता, ते मात्र लक्षात येईना.

तपास पथकाला मी दगडकाम करणाऱ्यांकडे चौकशी करायला सांगितले. चार दिवस काही हाती लागले नाही. पाचव्या दिवशी आमच्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. त्याची सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे चहाची टपरी होती. "साहेब, समोर पाथरवटाचं दुकान हाय. पाटे-वरवंटे, तुळशीवृंदावनं करतो. त्याच्या छपरात गोणपाटाखाली एक दगड हाय. वर क्रूस कोरलाय."

आम्ही गेलो. पाथरवट पन्नाशीचा, दगडाच्या पांढऱ्या भुकटीने भुवयाही पांढऱ्या झालेल्या. पोलीस पाहून त्याने छिन्नी खाली ठेवली आणि स्वतःच गोणपाट बाजूला केले.

"चोरीचा माल ठेवतोस?" हवालदाराने दरडावले.

"म्या कशाला ठिवू चोरीचा? एक म्हातारं घिऊन आलंय टेंपोत घालून. म्हनलं, अक्षरं झिजल्याती, पुन्ना कोरून दे. वरची कोरायला घेतो म्हनलं, पर खालच्या वळी मलाबी लागंनात आन् त्यालाबी लागंनात. जे वाचताच येत न्हाई ते कोरू कसं? म्हनून पडून हाय."

मी वाकून पाहिले. वरच्या ओळी सिस्टरच्या वहीतल्याच होत्या. खाली चार ओळी होत्या, मातीने आणि मुळ्यांनी खाल्लेल्या. त्यात एकच शब्द मला धडपणे वाचता आला : 'कन्या'.

मी तो शब्द पुन्हा एकदा वाचून पाहिला.

पाथरवटाने दिलेल्या पत्त्यावरून आम्ही हडपसरच्या एका जुन्या कामगार वसाहतीतून त्या म्हाताऱ्या गृहस्थांना ठाण्यावर आणले. कारखान्यातून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीच्या आसपासचे. इस्त्रीचा सदरा, वरपर्यंत बटणे लावलेली. खुर्चीत बसले आणि खाली पाहत राहिले. नाव, पत्ता सांगितला. दगड का नेला, याला उत्तर नाही.

चौकशीत मला एक सवय लागली होती. समोरचा बोलत नसेल तर आपणही बोलायचे नाही. ज्याने गुन्हा केलेला असतो त्याला ती शांतता सोसत नाही, तो काहीतरी रचून सांगू लागतो. हे गृहस्थ पाऊण तास गप्प बसले. चहा आणला, तो तसाच निवला. शेवटी मीच म्हणालो, "काका, खड्डा भरून वर रोप कुणी लावलं?"

तेव्हा त्यांनी मान वर केली.

"उघडी माती बघवेना," ते म्हणाले. "आईचा दगड आहे साहेब तो."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि घरात पहिलीचे नाव निघणे बंद झाले. फोटो नाही, कागद नाही. लहानपणी आत्याने एकदाच दफनभूमीत नेऊन दगड दाखवला आणि सांगितले, 'ही तुझी आई.' पुढे ते एकटेच जात. नोटीस पाहून ते समितीकडे गेले. तिथे नात्याचा पुरावा मागितला. तो कुठून आणणार? जागा जाते आहे, निदान दगड तरी वाचवू, असे म्हणून त्यांनी तो उचलून नेला.

"खाली काय लिहिलंय ते तुम्ही कधी वाचलं होतं?"

"लहान होतो तेव्हा वाचता येत नव्हतं. वाचता यायला लागलं तोपर्यंत खालचं मातीत गेलं होतं."

"तुम्हाला बहीण होती का?"

"असं कुणी कधी बोललं नाही. का हो?"

आणि इथे माझी चूक झाली. दगडावर 'कन्या' आहे, म्हणजे मागे राहिलेल्या मुलीचाच उल्लेख असणार, साल तेच, नाव तेच, आश्रमात सोडलेले तान्हे मूल आहे. मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा झालो. सत्तर वर्षांनी भाऊ-बहीण भेटणार, तेही माझ्या ठाण्यात. मी त्या गृहस्थांना सिस्टरबद्दल सांगितले. सिस्टरला फोन करून कन्येबद्दल सांगितले. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, "दगड पाण्यानं धुऊ नका. ब्रश लावू नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ठाण्याच्या आवारात, जप्त मोटारसायकलींच्या रांगेपुढे, मुद्देमालातला तो दगड भिंतीला टेकवून उभा केला. ही गोष्ट ठाण्यात पसरली होती. ड्युटी संपलेली माणसेही घरी गेली नव्हती. महिला कॉन्स्टेबलने पेढ्यांचा पुडा आणून टेबलाच्या खणात ठेवला होता, ते मला माहीत होते.

ते गृहस्थ आधीच येऊन बसले होते. सिस्टर आल्या तसे ते उठून उभे राहिले. दोघे एकमेकांकडे पाहत होते. चेहऱ्यात काही सापडते का, हेच दोघेही बघत असावेत. मीही तेच बघत होतो, आणि मला कपाळ सारखे दिसूही लागले होते.

"बसा ना," सिस्टर म्हणाल्या. "आधी वाचू या."

त्यांनी पिशवीतून एक हातभर आरसा काढला आणि महिला कॉन्स्टेबलच्या हातात देऊन ऊन दगडावर आडवे कसे पाडायचे ते दाखवले. समोरून उजेड पडला की दगड सपाट दिसतो. बाजूने पडला की झिजलेल्या अक्षरांच्या खाचेतही सावली धरते. आरसा थोडा हलला आणि जिथे मला नुसते ओरखडे दिसत होते तिथे ओळी उमटल्यासारख्या झाल्या. तरी त्या आम्हाला लागत नव्हत्या. सिस्टर दगडापुढे मांडी घालून बसल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या.

"आणि..." त्या म्हणाल्या. "ति..."

बोट पुढे सरकले आणि थांबले. परत मागे गेले. पुन्हा त्याच अक्षराशी येऊन थांबले.

"तिची," माझ्या तोंडून निघून गेले. "आणि तिची कन्या. असंच असणार."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिले नाही. "जरा पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या.

पाणी प्याल्या. पदराने तोंड पुसले. आणि मग रुग्णालयात डॉक्टरांना रुग्णाची माहिती देतात तशा सरळ आवाजात त्यांनी त्या चार ओळी वाचल्या.

"आणि तिजसोबत. तिची कन्या. वय तीन दिवस. दोघी एके ठायी."

रस्त्यावरून बस गेली, तिचा आवाज तेवढा आला.

मला समजायला थोडा वेळ लागला. त्या मातीत आईबरोबर तिची मुलगीही होती. म्हणजे समोर बसलेली ही बाई ती मुलगी नव्हती. अकरा वर्षांनी सापडलेली आई तिच्या हातून गेली होती, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने वाचले होते. त्या आवारात त्या ओळी वाचता येणारी ती एकटीच होती. ती 'तिची कन्या' म्हणून थांबली असती तर आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली असती. मी तर शब्द तिच्या तोंडात घातलाच होता.

"पुन्हा वाचता का?" ते गृहस्थ म्हणाले.

सिस्टरनी पुन्हा वाचले. या वेळी त्या गृहस्थांचे बोट आपल्या हाताने धरून, प्रत्येक अक्षरावरून नेत. 'दोघी' या शब्दावर म्हातारा थांबला.

"मला आयुष्यभर वाटायचं, ती तिथं एकटी आहे," तो म्हणाला. "कुंपणाकडेला, सगळ्यांपासून लांब. पावसाळ्यात तर फार वाटायचं."

"नाही, एकटी नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "मुलगी आहे जवळ."

एवढे बोलून त्यांनी पिशवी जवळ ओढली.

त्यानंतर त्या उठून गेल्या नाहीत. पिशवीतून पेन्सिल काढून अंधार पडेपर्यंत तिथेच बसल्या आणि चारही ओळी कागदावर काढल्या. कुठे काना, कुठे वेलांटी, जोडाक्षराची खालची गाठ कशी, सगळे पाथरवटाला कोरता येईल असे. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

"सिस्टर, मी उगाच आशा लावली. माफ करा."

"आशा तुम्ही नाही लावली, ती माझी आधीपासूनची होती," त्या म्हणाल्या. "पण साहेब, एक सांगू? पुढच्या वेळी कुणी वाचत असेल तर मध्ये बोलू नका."

त्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत पाठ तशीच ताठ होती.

कागदोपत्री प्रकरण लवकर मिटले. चोरीचा हेतू नव्हता, तसा अहवाल न्यायालयात पाठवला. आदेश झाला आणि दगड त्या गृहस्थांना परत मिळाला. समितीने नोंद करून घेतली, जागाही कायम ठेवली. दगड पुन्हा बसवायच्या दिवशी त्यांनी मला आणि सिस्टरला बोलावले. मी साध्या कपड्यांत गेलो.

पाथरवटाने काम सुरेख केले होते. दगड बसवून झाला, माती दाबली. शेवटच्या ओळीखाली वीतभर जागा मोकळी होती. ते गृहस्थ तिच्याकडे पाहत म्हणाले, "तीन दिवसांची होती. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं असणार. सिस्टर, तुम्ही वाचलंत म्हणून मला बहीण कळली. तुम्हीच तिला एक नाव द्या. इथं कोरून घेऊ."

पाथरवटाने छिन्नी हातात घेतलीसुद्धा.

सिस्टर मोकळ्या जागेकडे पाहत राहिल्या. त्यांना मोह झाला असेल का, मला सांगता येणार नाही. मला झाला असता.

"नको," त्या म्हणाल्या. "दगडावर जे नव्हतं ते घालू नका. उद्या माझ्यासारखी कुणीतरी येईल, ते नाव वाचेल आणि भलत्याच वाटेला लागेल. तिची वर्षं जातील."

मग खाली बसून त्यांनी दगडावर उडालेली माती हाताने झाडली. "घरी आठवण काढताना मात्र तुम्हाला हवं ते म्हणा," त्या म्हणाल्या. "ते कुणी वाचत नाही."

मी निवृत्त झालो तोपर्यंत त्यांना त्यांची आई सापडली नव्हती. अजूनही नाही. ते गृहस्थ वर्षातून एकदा आईच्या दिवशी त्यांना बोलावतात. त्या जातात, दोघे तासभर बसतात आणि आपापल्या घरी येतात. एकमेकांना ते काहीच लागत नाहीत, आणि तसे लागत असल्याचे सोंगही करत नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवले? नोकरीत हजारो लोकांचे जबाब मी लिहून घेतले. आता वाटते, किती जणांची वाक्ये मीच पूर्ण केली असतील. समोरचा अडखळला की शब्द पुरवायची मला घाई असे, आणि पुरवलेला शब्द नेहमी मला सोयीचा असे. जे लिहिले आहे तेवढेच वाचायचे, मग ते आपल्या मनाविरुद्ध का असेना, हे मला पोलीस प्रशिक्षणात नाही, त्या आवारात दगडापुढे बसलेल्या बाईकडून कळले. तेही निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना.

आणखी एक गोष्ट झाली. ती केसशी संबंधित नाही, पण सांगतो.

माझी आई मी नोकरीला लागलो त्याच वर्षी गेली. आमच्यात दहन करतात. दगड नसतो, अस्थी नदीत जातात. लग्नात तिचे नाव बदलले होते. तिचे माहेरचे नाव मला माहीत नव्हते. समोर बसलेल्या प्रत्येकाला 'पूर्ण नाव सांगा' म्हणणाऱ्या मला ते विचारावेसे कधी वाटले नव्हते. निवृत्त झाल्यावर मी गावी थोरल्या बहिणीकडे गेलो. ती ऐंशीला टेकली आहे. मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"अक्का, आईला माहेरी काय म्हणायचे गं?"

"आता कशाला हवंय तुला ते?"

"असंच."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले आणि आठवायला लागली. एक अक्षर तिच्या ओठांवर आले, अडले. मला दोन-तीन नावे लगेच सुचली. मी काही बोललो नाही. ती बराच वेळ समोर पाहत राहिली, आणि मग तिने ते नाव सांगितले.

मी सुचवली असती त्यांतले ते एकही नव्हते.